वकिली न सोडता विधी विषयात पीएच.डी. करायची असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. जिल्हा न्यायालयात अकरा वर्षे वकिली करणाऱ्या आणि मुख्यतः पोटगीची व कौटुंबिक वादांची प्रकरणे चालवणाऱ्या अडतीस वर्षांच्या एका वकील भगिनीने विचारले आहे की, एलएल.एम.ला ५७ टक्के गुण असताना वकिली चालू ठेवून विधी विषयात पीएच.डी. करता येईल का, गाइड कसा निवडावा, आणि ‘भारतातील महिलाविषयक कायदे : एक चिकित्सक अभ्यास’ हा विषय चालेल का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे, तिसऱ्याचे नाही असे आहे, आणि दुसऱ्याचे उत्तर तिसऱ्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. मी बरीच वर्षे विधी महाविद्यालयात शिकवतो आहे, संशोधन मार्गदर्शक म्हणून काम करतो आहे आणि इतरांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंधही तपासतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की अर्धवट सुटलेल्या पीएच.डी.चे मूळ बहुतेक वेळा सिनॉप्सिसच्या, म्हणजे संशोधनाच्या आराखड्याच्या, पहिल्या पानावरच सापडते. म्हणून नियमांचे लवकर उरकतो आणि विषयावर जास्त बोलतो.

सध्या विद्यापीठ अनुदान आयोगाचे नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिसूचित झालेले पीएच.डी. विनियम लागू आहेत. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण लागतात आणि आरक्षित प्रवर्ग, दिव्यांग व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील उमेदवारांना पाच टक्क्यांची सवलत आहे, त्यामुळे तुमची पात्रता वादातीत आहे. विद्यापीठाने स्वतःची प्रवेश परीक्षा, म्हणजे आपल्याकडची ‘पेट’, घेतली तर निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात, ५० टक्क्यांना उत्तीर्ण समजतात, आणि अंतिम निवडीत परीक्षेला ७० टक्के व मुलाखतीला ३० टक्के भार असतो. मार्च २०२४ पासून नेटचे, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे, गुणही पीएच.डी. प्रवेशासाठी धरता येतात. तुम्ही जिथे अर्ज करणार ते विद्यापीठ यंदा कोणता मार्ग वापरते हे त्या वर्षीच्या जाहिरातीतच पाहावे, गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्याच्या सांगण्यावर जाऊ नये. प्रवेशानंतर किमान १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क असते आणि त्यात ५५ टक्के मिळवावे लागतात. कालावधी कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षे. पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळू शकतात, आणि महिला संशोधकांना त्यावर दोन वर्षांची जादा सवलत आहे, म्हणजे तुमची कमाल मर्यादा दहा वर्षांची होते. ही सवलत लक्षात असू द्या, पण तिच्या भरवशावर वेळापत्रक आखू नका.

अर्धवेळ पीएच.डी.ला हे विनियम परवानगी देतात. नोकरदार उमेदवाराला त्यासाठी संस्थेचे ना-हरकत पत्र आणावे लागते. वकील कोणाचाच नोकर नसल्यामुळे हे पत्र कोणाकडून आणायचे असा पेच तुमच्यापुढे येईल. तेथे प्रतिज्ञापत्र चालते का, हे विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागाकडून अर्ज भरण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे. एडटेक कंपन्यांनी परदेशी संस्थांच्या नावाने चालवलेल्या ऑनलाइन पीएच.डी.ला मान्यता नसल्याचे आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर केलेले आहे, तरीही बार रूमच्या सूचना फलकाशेजारी तसली पत्रके मी पाहिली आहेत. वकिलांनी तरी फसू नये.

पदवी कशासाठी हवी, याचा तुम्ही ओझरता उल्लेख केला आहे : पुढे शिकवायचे आहे. मग एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी नेट किंवा सेट (राज्याची पात्रता परीक्षा) ही किमान पात्रता ठरली असून पीएच.डी. ऐच्छिक आहे. जेआरएफची, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीची, वयोमर्यादा तुम्ही ओलांडली आहे, पण सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेला नेटमध्ये वयाची अट नाही. तेव्हा केवळ नोकरीचे दार उघडायचे असेल तर सहा महिने मन लावून सेटचा अभ्यास करणे हा स्वस्त आणि जवळचा रस्ता आहे. शिकवणे आपल्याला मानवते का, हे आधी पाहायचे असेल तर भारतीय विधिज्ञ परिषदेच्या १९७९ च्या नियमांनुसार सनद न सोडता दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो. जवळच्या विधी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर एक विषय घेऊन पाहावा. पीएच.डी. मात्र तेव्हाच करावी, जेव्हा न्यायालयात रोज डोळ्यांसमोर घडणाऱ्या एखाद्या गोष्टीचे कारण आपल्याला कळत नाही आणि ते कळल्याशिवाय स्वस्थता नाही, अशी अवस्था झालेली असते. नावामागे ‘डॉ.’ लागल्याने अशील वाढतात असा माझा अनुभव नाही.

आता विषय. ‘एक चिकित्सक अभ्यास’ या शेपटीचे शेकडो प्रबंध आपल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत आहेत आणि त्यांची प्रकरणे डोळे मिटून सांगता येतात. पहिले प्रकरण प्रस्तावना, दुसरे ऐतिहासिक पार्श्वभूमी, जी हमखास वैदिक काळापासून सुरू होते, तिसरे घटनात्मक तरतुदी, चौथे इंग्लंड-अमेरिकेची तुलना, पाचवे न्यायनिर्णयांचे गोषवारे, आणि शेवटी शिफारशी : कायदा अधिक कडक करावा, जलदगती न्यायालये स्थापावीत, जनजागृती करावी. या शिफारशी खोट्या असतात असे नाही, पण त्या करण्यासाठी पाच वर्षे खर्च करण्याची गरज नव्हती, त्या पहिल्या दिवशीच लिहिता आल्या असत्या. गृहीतकही ठरलेले असते, ‘विद्यमान कायदा अपुरा आहे’. जे गृहीतक कोणत्याही माहितीने खोटे ठरू शकत नाही, ते तपासणार तरी कसे?

हा दोष वकिलांत अधिक दिसतो, आणि मीही त्याला अपवाद नव्हतो. माझी पहिली सिनॉप्सिस घेऊन मी आरआरसीपुढे, म्हणजे विषयाला मान्यता देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीपुढे, बसलो तेव्हा सहा वर्षांची वकिली माझ्या गाठीशी होती आणि बोलण्यात आपण कमी पडणार नाही याची खात्री होती. दहा मिनिटे मी माझा मुद्दा मांडला. समितीतल्या एका ज्येष्ठ बाईंनी शांतपणे विचारले, “या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला आत्ताच माहीत आहे का?” मी अभिमानाने होय म्हणालो आणि उत्तर सांगूनही टाकले. त्या म्हणाल्या, “मग संशोधन कशाचे करणार?” सिनॉप्सिस परत आली. त्या दिवशी मला राग आला होता. आज मी विद्यार्थ्यांना तोच प्रश्न विचारतो. वकीलपत्र दाखल केले की आपल्याला निष्कर्ष दिलेला असतो, अशिलाने तो दिलेला असतो, आणि त्याच्या समर्थनार्थ निवाडे शोधणे हे आपले काम असते. विरुद्ध जाणारा निवाडा सापडला की तो कसा वेगळा काढता येईल याकडे हात आपोआप वळतो. प्रबंधात नेमका तोच विरुद्ध जाणारा निवाडा सर्वांत मोलाचा असतो. अकरा वर्षांची ही सवय मोडायला तुम्हाला कोर्सवर्कपेक्षा जास्त वेळ लागेल, हे गृहीत धरा.

तुमच्याच कामातून एक प्रश्न कसा निघू शकतो ते दाखवतो. रजनीश विरुद्ध नेहा हा ४ नोव्हेंबर २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय तुम्ही दर आठवड्याला वापरत असाल. तो मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशाविरुद्धच्या अपिलात झाला, म्हणजे ही कहाणी आपल्याच राज्यातली आहे. त्या निर्णयाने अंतरिम पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही पक्षांनी मालमत्ता व दायित्वांचे प्रकटन शपथपत्र दाखल करावे, प्रतिपक्षाने ते चार आठवड्यांत द्यावे, शपथपत्रे आल्यावर अंतरिम अर्ज चार ते सहा महिन्यांत सकारण आदेशाने निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, असे ठरवले. तीन वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, अदिती ऊर्फ मिठी विरुद्ध जितेश शर्मा या प्रकरणात त्याच न्यायालयाला या मार्गदर्शक सूचना पाळल्या जात नसल्याचे नमूद करून तो निर्णय पुन्हा सर्वत्र पाठवण्याचे आदेश द्यावे लागले. देशाचे सर्वोच्च न्यायालय आपल्याच निर्णयाची आठवण करून देते, तेव्हा संशोधकाने कान टवकारले पाहिजेत.

यातून निघणारा प्रश्न असा मांडता येईल : एका जिल्ह्यातल्या न्यायालयांत अंतरिम पोटगीच्या अर्जांवर प्रकटन शपथपत्रे प्रत्यक्षात केव्हा दाखल होतात, आणि ती दाखल झाल्याने आदेशाला लागणारा वेळ, रक्कम व पोटगी सुरू होण्याची तारीख यांत काही फरक पडतो का? याचे उत्तर तुम्हाला ठाऊक आहे असे तुम्हाला वाटेल. पण नीट विचार केलात तर ते ठाऊक नाही हे लक्षात येईल. तुम्हाला तुमच्या टेबलावरची प्रकरणे माहीत आहेत आणि त्यांतलीही लक्षात राहिलेली तेवढी, म्हणजे जी फार लांबली किंवा फार चिघळली तीच. शपथपत्राने काम लवकर होते की शपथपत्राच्याच निमित्ताने आणखी चार मुदत अर्ज पडतात, हे दोन्ही शक्य आहे, आणि कोणते खरे ठरेल हे आज मलाही सांगता येणार नाही. विषय पसंत पडण्याचे माझ्या दृष्टीने हेच कारण आहे. शीर्षकात मग ‘चिकित्सक अभ्यास’ लिहिण्याची गरज उरत नाही.

यासाठीची माहिती पुस्तकांत नाही, रोजनाम्यात आहे. प्रत्येक तारखेला काय झाले, मुदत कोणी मागितली, का मागितली आणि निशाणी (कागदाचा अभिलेखातला क्रमांक) कितवर काय दाखल झाले, हे रोजनामा सांगतो. एखाद्या मुलाखतीत कोणताही वकील “आम्ही शपथपत्र पहिल्याच तारखेला देतो” असे सांगेल. रोजनामा मात्र सातव्या तारखेला पुरसिस (न्यायालयाला दिलेले लेखी निवेदन), आठव्याला मुदत अर्ज आणि नवव्याला शपथपत्र असे सांगत असतो. म्हणून शंभर मित्रवकिलांना गूगल फॉर्म पाठवून ‘होय, नाही, सांगता येत नाही’ अशी उत्तरे गोळा करणे आणि त्यांची रंगीत वर्तुळे छापणे हा जो प्रकार अनुभवजन्य संशोधन म्हणून खपतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. त्यातून वकिलांना काय वाटते एवढेच कळते. मुलाखती घ्याव्यात, पण रोजनाम्यात दिसलेल्या गोष्टीचे कारण विचारण्यासाठी, नंतर.

एक मोठी वही किंवा एक्सेलची फाइल घ्या आणि प्रत्येक प्रकरणाला एक ओळ द्या. अर्ज दाखल झाल्याची तारीख, नोटीस बजावली गेल्याची तारीख, प्रतिपक्ष हजर झाल्याची तारीख, दोन्ही शपथपत्रांच्या दोन तारखा, अंतरिम आदेशाची तारीख, मागितलेली रक्कम, मिळालेली रक्कम, ती कोणत्या तारखेपासून, मुदत अर्जांची संख्या, आणि नंतर वसुली अर्ज करावा लागला का, असे स्तंभ पुरेसे आहेत. अर्ज कोणत्या कायद्याखाली आहे हा स्तंभ मात्र विसरू नका, कारण फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५, कौटुंबिक हिंसाचार अधिनियमाचे कलम २३ आणि हिंदू विवाह अधिनियमाचे कलम २४ यांचे अर्ज वेगवेगळ्या गतीने चालतात आणि त्यांची बेरीज करून काढलेली सरासरी कोणाच्याच उपयोगाची नसते. आधी फक्त वीस प्रकरणांवर ही वही चालवून पाहा. विसाव्या प्रकरणापर्यंत दोन स्तंभ निरुपयोगी ठरतील आणि ज्याचा आपण विचारच केला नव्हता असा एक नवा स्तंभ लागेल. माझ्या एका विद्यार्थ्याला ‘न्यायाधीशांची बदली’ हा स्तंभ असाच मध्येच घालावा लागला आणि प्रबंधाचे सर्वांत चांगले प्रकरण त्यातून निघाले.

येथे एक सापळा आहे. निर्णय नोव्हेंबर २०२० चा आहे म्हणून त्याआधीचे एक वर्ष आणि नंतरचे एक वर्ष यांची तुलना करण्याचा मोह होईल. पण मार्च २०२० पासून न्यायालयांचे कामकाज कोविडमुळे विस्कळित झाले होते, आणि त्या काळात लागलेला उशीर निर्णयाच्या नावावर किंवा विरोधात मांडणे अन्यायाचे होईल. २०१८ व २०१९ मध्ये दाखल होऊन तेव्हाच अंतरिम आदेश झालेली प्रकरणे एका बाजूला आणि २०२२ व २०२३ मधली तशीच प्रकरणे दुसऱ्या बाजूला घेतली तर तुलना बरीच स्वच्छ होते. दोन्ही गटांत नोंदवहीतले दर पाचवे प्रकरण घ्यावे, आपल्याला ‘चांगले’ वाटणारे नव्हे. निवडीचा नियम आधी लिहून ठेवला की नंतर स्वतःलाच फसवता येत नाही.

दुसरा सापळा १ जुलै २०२४ चा. त्या दिवसापासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि कलम १२५ ची जागा कलम १४४ ने घेतली. मात्र त्या दिवशी प्रलंबित असलेली कार्यवाही नव्या संहितेच्या कलम ५३१ मुळे जुन्याच संहितेखाली चालू राहिली. तक्ता त्या तारखेपुढे नेलात तर त्यात त्यामुळे एकाच महिन्यात दोन्ही कलमांचे आदेश दिसतील आणि ते एकाच मालिकेत धरावे लागतील. असे बदल चालू असताना ज्यांचे प्रबंध अर्ध्यावर होते त्यांनी नुसते आकडे बदलून काम भागवल्याचे मी पाहिले आहे, आणि त्यात गमतीचे घोटाळेही झाले आहेत : जुन्या संहितेचे कलम ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, तर नव्या संहितेचे कलम ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. एका मसुद्यात उच्च न्यायालयाने ‘कलम ४८२ खाली’ गुन्हा रद्द केल्याचे वाचून मी दोन मिनिटे थांबलो होतो. प्रत्येक ठिकाणी संहितेचे नाव लिहा, नुसते कलम नको.

अभिलेख पाहण्याची परवानगी हे तुमच्यासाठी इतरांपेक्षा सोपे आहे आणि अवघडही. सोपे यासाठी की नक्कल विभाग कुठे आहे आणि कोणत्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते हे तुम्हाला माहीत आहे. अवघड यासाठी की वकील म्हणून मिळणारी सहज वाट संशोधक म्हणून वापरायची नाही. विद्यापीठाच्या पत्रासह प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे रीतसर अर्ज करा, लेखी परवानगी घ्या आणि ती प्रबंधाला जोडा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावरून तारखांचा इतिहास मिळतो, पण कौटुंबिक स्वरूपाच्या प्रकरणांतले आदेश सगळीकडे तसे वाचायला मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका. पक्षकारांची नावे, गावे आणि मुलांची वये वहीतही लिहू नयेत. प्रत्येक प्रकरणाला एक सांकेतिक क्रमांक द्यावा आणि क्रमांकांची किल्ली वेगळी ठेवावी. स्वतः चालवलेली प्रकरणे नमुन्यातून काढून टाका. अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ ने संरक्षित आहे, पूर्वी हेच पुराव्याच्या कायद्याचे कलम १२६ होते, आणि पीएच.डी. हा त्याला अपवाद नाही.

हे सगळे गाइडच्या निवडीआधी सांगितले, कारण हातात प्रश्न असला की गाइडकडे जाण्याची रीत बदलते. “सर, एखादा विषय द्या” असे म्हणणाऱ्याला गाइड स्वतःच्या सोयीचा विषय देतो. विनियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक घेता येतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल तर नवे संशोधक घेता येत नाहीत. विधी शाखेत मान्यताप्राप्त मार्गदर्शक मुळात थोडे असल्याने रिक्त जागा पाहून गाइड ठरवण्याची वेळ अनेकांवर येते. तरीही होकार देण्यापूर्वी शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, त्या गाइडच्या पूर्वीच्या विद्यार्थ्यांचे दोन प्रबंध उघडा. सर्व प्रबंधांचा साचा एकच असेल, ऋणनिर्देशापासून शिफारशींपर्यंत, तर तुमचाही तसाच होईल. मग त्या विद्यार्थ्यांपैकी एकाला फोन करा आणि एकच गोष्ट विचारा : एखादे प्रकरण लिहून दिले की ते किती दिवसांनी, किती खुणांसह परत येते. बाकी कीर्ती, पदे, पुरस्कार यांना मी फारसे महत्त्व देत नाही. शाल-श्रीफळात व्यग्र असलेल्या थोर माणसापेक्षा महिन्यातून एकदा दोन तास बसणारा सहायक प्राध्यापक कितीतरी उपयोगी.

शोधगंगा त्याहूनही एका कारणासाठी उघडावी लागते. पोटगीवर आजवर काय लिहिले गेले हे पाहताना तुम्हाला कलम १२५ वर ढीगभर प्रबंध मिळतील. ते पाहून खचू नका. त्यांतल्या किती जणांनी रोजनामा उघडला आहे, एवढेच बघा. सिनॉप्सिसमधला पूर्वसंशोधनाचा आढावा म्हणजे वीस पुस्तकांची नावे आणि प्रत्येकाखाली दोन ओळींचा गोषवारा नव्हे. कोणाचा युक्तिवाद कुठे थांबला आणि तेथून पुढे तुमचे काम कसे सुरू होते, हे त्यात दिसले पाहिजे.

भाषेचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो येणारच. जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेने मराठी झाली असल्यामुळे तुमच्या अभिलेखाचा मोठा भाग मराठीत असेल, तर उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय इंग्रजीत. विद्यापीठाची परवानगी असेल तर प्रबंध मराठीत लिहिता येतो आणि तो लिहिला जावा असे मला मनापासून वाटते. मात्र बाहेरचे किमान दोन परीक्षक लागतात आणि ते मराठी वाचणारे मिळणे विधी शाखेत कठीण जाते, हेही खरे आहे. इंग्रजीत लिहिलेत तर जबाबांतली आणि अर्जांतली मूळ मराठी वाक्ये तळटीपेत जशीच्या तशी ठेवा. “नांदवण्यास तयार आहे” या तीन शब्दांवर आपल्याकडे अर्धी पोटगीची प्रकरणे लढवली जातात, आणि त्यातल्या ‘नांदवण्या’चा अर्थ इंग्रजीत नेताना बराचसा सांडतो. पारिभाषिक शब्दांसाठी भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश जवळ असू द्या, पण न्यायालयात रुळलेला शब्द असेल तर तोच वापरा.

संदर्भांच्या बाबतीत वकिलांना वाटते की आपल्याला हे येते. येत नाही. युक्तिवादात निवाड्याचे नाव आणि वर्ष पुरते; प्रबंधात परिच्छेद क्रमांक लागतो, आणि तो वाचतानाच टिपला नाही तर तीन वर्षांनी एका वाक्यासाठी दोनशे पानांचा निर्णय पुन्हा वाचावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय ई-एससीआर या त्याच न्यायालयाच्या ऑनलाइन संग्रहात विनामूल्य मिळतात, त्यामुळे प्रत्येक निवाडा स्वतः उघडून वाचणे हे आता खर्चाचे काम राहिलेले नाही. दुसऱ्याच्या तळटीपेवरून उचललेला किंवा संगणकाने सुचवलेला आणि न वाचलेला निवाडा प्रबंधात आला, तर व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, एखादा परीक्षक नेमका तोच विचारतो. वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८ च्या विनियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, दहा ते चाळीस टक्के असेल तर सुधारून पुन्हा द्यावे लागते, चाळीस ते साठ असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, आणि साठच्या पुढे नोंदणी रद्द होते. कायद्याच्या तरतुदींचा मजकूर या मोजणीतून वगळण्याची सोय आहे. तरीही पाने भरण्यासाठी कलमेच्या कलमे उतरवून काढू नयेत, ती परीक्षकाला पाठ असतात.

शोधनिबंधाची सक्ती २०२२ च्या विनियमांनी काढली, पण तुमच्या विद्यापीठाने ती ठेवली आहे का ते तपासा. सक्ती नसली तरी पायलटच्या, म्हणजे आधी चाचणीसाठी घेतलेल्या, वीस प्रकरणांवर एक निबंध लिहा आणि चांगल्या ठिकाणी पाठवा, इंडियन लॉ इन्स्टिट्यूटचे जर्नल किंवा इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली यांसारख्या. नकार आला तरी त्यासोबत येणारे शेरे फुकटचे मार्गदर्शन असते. आठ दिवसांत छापून देतो, एवढे पैसे भरा, असे सांगणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहा. आयोगाची केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, २०२५ च्या सुरुवातीला बंद झाल्यापासून ‘मान्यताप्राप्त’ या शब्दाला फार अर्थ उरलेला नाही आणि नियतकालिकाचा दर्जा स्वतःच पाहावा लागतो.

राहिला वेळेचा हिशेब. तीन वर्षांत संपवू असे सगळेच म्हणतात. चालू वकिलीत पाच वर्षे हा माझा अंदाज आहे, तोही आठवड्याला आठ-दहा तास नियमित मिळाले तर. रात्री अशील गेल्यावर लिहीन, ही योजना टिकत नाही, कारण उद्याच्या तारखेची फाइल नेहमीच प्रबंधापेक्षा निकडीची असते. रविवारची सकाळ आणि मधल्या दोन दिवसांची पहाट ठरवून घ्या, आणि लिखाणाचे मोठे टप्पे उन्हाळी सुटीत व दिवाळीच्या सुटीत ठेवा. अभिलेख पाहण्याचे काम मात्र कामकाजाच्या दिवसांतच होते. ते बोर्ड (दिवसाच्या प्रकरणांची यादी) हलका असलेल्या दुपारी करावे लागेल. दर सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगती सांगावी लागते, त्या तारखांना स्वतःच्या लेखी अंतिम युक्तिवादाच्या तारखा समजा. त्या काळात वकिलीचे उत्पन्न थोडे घटेल आणि घरच्यांना त्याची कल्पना आधीच द्यावी.

प्रवेशाची जाहिरात येण्याची वाट न पाहता या महिन्यात एक काम करा. आपल्या नसलेल्या, निकाली निघालेल्या आणि ज्यांच्या नकला रीतसर मिळू शकतात अशा पाच प्रकरणांचे रोजनामे मिळवा आणि वर सांगितलेले स्तंभ भरा. पाचांपैकी तीन ठिकाणी तुमचा अंदाज चुकला तर दोन पानांची टिपणी लिहून गाइड शोधायला लागा. पाचही ठिकाणी अंदाज बरोबर निघाला तर मला पुन्हा लिहा, प्रश्न आपल्याला बदलावा लागेल.